आवडता सिनेमा एक, उगाच डोक्यावर घेतलेला दिग्दर्शक एक. बोला!

सातरस्ता
रविवारी जेवताना आमच्यात वाजलं. मी एवढंच म्हणालो की संजय लीला भन्साळी हा झुंबरांचा कंत्राटदार आहे, लोकांनी त्याला उगाच दिग्दर्शक करून ठेवलाय. समोर वहिनीनं दुसरी भाकरी वाढायला उचलली होती, ती परत टोपल्यात ठेवली. दादा खाली मान घालून जेवत राहिला. म्हणून हा धागा.

प्रश्न दोन. तुमचा आवडता सिनेमा कुठला, म्हणजे टीव्हीवर मधूनच लागला तरी रिमोट खाली ठेवता असा. आणि लायकीपेक्षा जास्त डोक्यावर घेतलेला दिग्दर्शक कोण? ‘बोअर मारतो’ एवढं लिहून पळायचं नाही. एखादा सीन धरून बोला.

माझं सांगतो. आवडता ‘सामना’. कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हिंदुराव धोंडे पाटील काही नवा नाही. दारुड्या मास्तरला घरात ठेवून घेताना निळूभाऊंच्या चेहऱ्यावर जी गंमत आहे, ती मी खऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर बघितलीय. आणि डोक्यावर घेतलेला अर्थातच भन्साळी. पुरावा घ्या. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या ‘देवदास’मध्ये पारो पालखीतून चाललीय आणि चंद्रमुखी पायी. दोघी एकमेकींकडे बघतात आणि आपापल्या वाटेनं जातात. शब्द नाही. २००२ ला भन्साळीनं त्याच दोघींना एका अंगणात नाचवलं. संपला विषय.

कडक_भाकरी
विषय संपवून धागा काढणारा माणूस पहिल्यांदा बघितला बे.

आवडता : सैराट. अकरा वेळा, त्यातले चार वेळा तिकीट काढून.
डोक्यावर घेतलेला : आमच्या मेव्हण्याच्या लग्नाचं शूटिंग करणारा. ड्रोन आणला म्हणून मांडवात टाळ्या पडल्या. तीन तासांच्या शूटिंगमध्ये शेवटची अक्षता पडलेली दिसत नाही, आचारी जिलेबी काढताना मात्र सहा मिनिटं आहे.

पुण्यात_अडकलेला
आवडता : अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ चा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस’. एका पोराच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. उद्या गृहपाठ वहीत नसला तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार. म्हणून हा पोरगा शेजारच्या गावात मित्राचं घर शोधत पळतो. बस, एवढीच गोष्ट. दीड तासही लागत नाही.

डोक्यावर घेतलेला : राजकुमार हिरानी. चांगला माणूस आहे, हसवतो, पण प्रेक्षकाला कळलं असेल यावर त्याचा विश्वासच नाही. ‘पीके’ घ्या. राँग नंबरची गंमत पहिल्यांदा कळते तेव्हा झकास आहे. पुढे तीच गोष्ट भाषणात, मग टीव्हीवरच्या वादात, मग बातम्यांत. शिकवणीचे मास्तर फळ्यावर तेच गणित तिसऱ्यांदा सोडवतात तसं.

कडक_भाकरी
इथून शिकायला पुण्याला गेला आणि इराणला पोचला.

पुण्यात_अडकलेला
@कडक_भाकरी, हसा. पण दुसऱ्याची वही चुकून घरी आली की पोटात कसा गोळा येतो, ते तुम्हालाही माहीत असणार. त्याला पुणं लागत नाही.

डब्बलबॅरल
मार खायची तयारी ठेवून लिहितो. नागराज मंजुळे.

थांबा, दगड खाली ठेवा, ‘फँड्री’मध्ये त्यांनीच मारलाय तेवढा पुरे. फँड्री मी सहा वेळा बघितलाय. घरचे सगळे डुकराच्या मागे धावतायत, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या जिथल्या तिथं ताठ उभा राहतो. डुक्कर निघून जातं. असा सीन मराठीत पुन्हा झालेला नाही. पण सैराट? पहिला अर्धा अजय-अतुलनं ओढला, दुसरा अर्धा हैदराबादेत रेंगाळला, आणि शेवटाच्या धक्क्यानं लोक मधलं सगळं विसरले. ‘झुंड’ तर तीन तासांचा. आपल्या जिल्ह्यात मात्र हे बोलायची सोय नाही. टीका केली की लगेच, “करमाळ्याचा माणूस मोठा झाला ते बघवत नाही का?”

भीमाकाठ
करमाळ्याचा माणूस मोठा झाला ते बघवत नाही का?

(हे झालं. आता खरं बोलू.)

मी त्याच तालुक्यातला. आमच्याकडची केळी, ऊस, उजनीचं पसरलेलं पाणी, पाण्यातून वर आलेली वाळकी झाडं हे सगळं सिनेमात घेण्यासारखं असतं, हे आम्हाला २०१६ पर्यंत माहीत नव्हतं. सिनेमातलं गाव म्हणजे कोल्हापूर, नाहीतर कोकण. आमची भाषा सिनेमात फक्त नोकराला. त्यात अकलूजची एक पोरगी येते आणि तिला राष्ट्रीय पुरस्कारात खास उल्लेख मिळतो, तोही सिनेमा लागायच्या आधी.

हैदराबादचा भाग रेंगाळतो म्हणता ना? अहो, तो रेंगाळायलाच पाहिजे. गावात बुलेट उडवणारी, ट्रॅक्टर घेऊन फिरणारी पोरगी तिथं झोपडीतल्या वासानं तोंड फिरवते. परशाला सगळी कामं येतात, हिला एक येत नाही. पळून जाणं गाण्यात चार मिनिटांत होतं. भांडी घासणं गाण्यात होत नाही.

साखरपेठ_पद्मा
@भीमाकाठ, अगदी बरोबर. @डब्बलबॅरल, तो भाग तुम्ही चुकीच्या रांगेत बसून बघितला असेल. आमच्या रांगेत सगळे सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे घरात तेलुगूच. पडद्यावर तेलुगू सुरू झालं की आम्हाला आधी कळायचं, आणि मागून एक काका दर वेळी, “काय म्हणली ओ? काय म्हणली?” दोन-तीनदा मीच भाषांतर करून दिलं. सोलापुरात इतकी वर्षं राहून त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी आमच्या भाषेची गरज पडली.

माझा आवडता : के. विश्वनाथ यांचा ‘शंकराभरणम्’. १९८० चा. हिरो म्हातारा, त्यात गवई, आणि मारामारी नाही. तरी चालला.

डोक्यावर घेतलेला : राजामौली. पूर्व भागातली असून बोलते, म्हणजे विचार करा. माणूस हुशार आहे. ‘ईगा’मध्ये त्यानं माशीला हिरो केलं आणि माशीसाठी माझा जीव वरखाली झाला. पण बाहुबलीनंतर सगळं कसं डोंगराएवढं. ‘आरआरआर’मध्ये अल्लुरी आणि कोमाराम भीम हे दोन क्रांतिकारक भेटतात. खरे दोघं कधी भेटले नव्हते, त्याबद्दल तक्रार नाही, सिनेमा आहे. तक्रार अशी की दोघं साधं दोन मिनिटं बसून बोलतच नाहीत. मैत्री झाली तीसुद्धा पुलावरून उड्या मारत. आणि हो, बाहुबलीनंतर मला ऑफिसात सगळे सांगायला लागले, “तेलुगू सिनेमे भारी असतात हां.” आमच्या आजीला ‘मायाबाजार’ पाठ होता हो, १९५७ चा.

नोकिया_११००
आवडता : अशी ही बनवाबनवी. यात चर्चा नाही.
डोक्यावर : नोलन. ‘टेनेट’ बघताना इंटरवलला बाहेर गेलो, परत येऊन चुकून दुसऱ्या स्क्रीनला बसलो. वीस मिनिटं काही वेगळं वाटलं नाही.

कडक_भाकरी
😂 @नोकिया_११००, हा धागा इथंच बंद करा.

ताणाबाणा
नमस्कार. मी ती भाकरी परत ठेवणारी वहिनी.

भावजी, तुम्ही धागा काढलाय हे मला दादांनी सांगितलं. दादा घरात गप्प असतात ते इथं बोलता यावं म्हणून, हे आज कळलं.

मी टॉवेल-चादरीचं डिझाइन करते, जॅकार्डचं. दिवसभर कॉम्प्युटरवर चौकोन भरायचे. कुठला धागा वर, कुठला खाली. त्यामुळे पडद्यावर कापड कसं पडतं ते मला आधी दिसतं, गोष्ट नंतर. भन्साळीच्या फ्रेममध्ये पदर कुठं संपतो, मागच्या भिंतीचा रंग त्याला कसा धरून ठेवतो, हे कुणीतरी रात्र रात्र बसून ठरवलेलं असतं. तुम्हाला ते झुंबर दिसतं. मला ताणा-बाणा दिसतो. ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाईला पिंगा घालायला लावलं ते मलाही पटलं नाही, लिहून देते. पण ‘खामोशी’ बघितलाय का? १९९६ चा, त्याचा पहिला. आईबाप दोघंही मुके-बहिरे आणि पोरगी गाणारी. त्यातली झुंबरं मोजून सांगा आणि मग जेवायला बसा.

सातरस्ता
बघितला नाही. 🙏

ताणाबाणा
वाटलंच.

तिसरी_घंटा
धागा रंगला म्हणून आलो. चाळीस वर्षं हौशी नाटकात काढली, हुतात्मा स्मृतिमंदिराच्या विंगेत आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबेल.

सामना निघाला म्हणून सांगतो. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल जन्माने पंढरपूरचे, शाळा सोलापुरात. शिकून झाले बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. आपला जिल्हा म्हणजे फक्त सैराट नव्हे पोरांनो. सामना १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. माझा आवडता मात्र त्यांचाच ‘सिंहासन’. मंत्रालयातली माणसं नुसती फोनवर बोलतात, जिने चढतात, गाडीत बसतात, आणि आपण खुर्चीच्या कडेला येतो.

आता डोक्यावर घेतलेला. व्ही. शांताराम, पण निम्मेच. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ काढणारे शांताराम आपल्या सगळ्यांचे बाप. १९३७ साली जरठ नवऱ्याला ठाम नाही म्हणणारी नायिका दाखवायची म्हणजे काय धाडस! पण पुढे रंगीत फिल्म हातात आली आणि बापमाणसाला रंगपेटी सापडली. ‘नवरंग’मध्ये नायिकेनं डोक्यावर मडकी घेऊन नाचावं आणि आपण त्याला कला म्हणावं.

मधला एक सिनेमा सोलापूरकरांनी बघायलाच पाहिजे, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, १९४६. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते. १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच गेले, वय बत्तीस. चार वर्षांत शांतारामांनी सिनेमा केला, कोटणीसांची भूमिका स्वतः केली. चिनी बायकोच्या भूमिकेत जयश्रीबाई. आज ते चिनीपण बघून हसू येतं. पण भैय्या चौकातल्या स्मारकात जाऊन आलात आणि मग बघितलात, तर फार हसवत नाही.

डब्बलबॅरल
काका, निम्मा दिग्दर्शक चालतो होय? मग माझा नागराजही निम्मा धरा.

तिसरी_घंटा
तुमचा निम्मा अजून काम करतोय. घाई करू नका.

ऑपरेटरचा_पोर
बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो.

बाबा सोलापुरात एका टॉकीजला ऑपरेटर होते. आधी रीळ गुंडाळायला पोऱ्या म्हणून लागले, मग मशीनवर. डिजिटल आलं तोवर होते. कार्बनच्या कांड्या पेटवून उजेड करायचा तो काळ. दोन कांड्यांतलं अंतर हातानं सारखं जुळवत राहायचं, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिव्या. दोन मशीन. एकावर रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला बदलायचं. पब्लिकला पत्ता लागायचा नाही. एकच प्रिंट दोन टॉकीजला असली की सायकलवर एक पोरगा पेट्या घेऊन पळत असायचा. पंक्चर झाला की इंटरवल लांबायचा.

तर बाबांचं दिग्दर्शक मोजायचं माप वेगळं होतं. केबिनच्या भोकातून ते पडदा बघायचेच नाहीत, खाली बघायचे. कुणी विडी ओढायला उठलं की दाराचा पडदा हलायचा आणि उजेडाची एक पट्टी बाजूच्या भिंतीवर पडायची. बाबा त्या पट्ट्या मोजायचे. रात्री घरी आले की आईला सांगायचे, “नवव्या रिळाला गळती आहे.” दादा कोंडक्यांच्या सिनेमाला पट्ट्या पडायच्याच नाहीत म्हणे. नऊ सिनेमे ओळीनं रौप्यमहोत्सवी, उगाच नाही. ‘माहेरची साडी’ला तर इंटरवललाही बायका उठेनात. डोअरकीपरनं वर येऊन विचारलं, लाइट लावले का नाही?

आणि एक गंमत. एका फार मोठ्या, पुरस्कारवाल्या दिग्दर्शकाचा सिनेमा लागला होता. लांबी इतकी की चार शो बसेनात. मालक म्हणाले, बघा काहीतरी. बाबांनी आठव्या रिळातला एक अख्खा प्रसंग काढून ठेवला. तीन आठवडे सिनेमा चालला. कुणी विचारलं नाही. पेपरात ज्यांनी कौतुक लिहिलं त्यांनीही आमच्याच टॉकीजला बघितला होता. नाव सांगत नाही.

नोकिया_११००
नाव!!

कडक_भाकरी
नाव सांगा की ओ. पार्क चौपाटीवर येईल ते खायला घालतो.

पुण्यात_अडकलेला
गोष्ट भारीच आहे, पण माप मान्य नाही. माणूस विडी ओढायला उठला यात दिग्दर्शकाचा काय दोष? माझ्या आवडत्या सिनेमाला तर भिंतभर पट्ट्या पडल्या असत्या.

तिसरी_घंटा
सहमत. पट्ट्यांवरून ठरवायचं तर ‘उंबरठा’चं काय? स्मिता पाटील शेवटी घर सोडून जाते तेव्हा काही पुरुष नक्की उठले असतील. त्यांना विडी ओढायची नव्हती.

ऑपरेटरचा_पोर
@तिसरी_घंटा, बाबांना विचारून सांगतो. (विचारलं. म्हणाले, “ते उठणं वेगळं. विडीवाला वाकून जातो. रागानं उठलेला ताठ जातो.”)

साखरपेठ_पद्मा
बाप रे. ही ओळ वाचून थांबले.

आमच्याकडेही असलं एक माप होतं, आज लक्षात आलं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा, समोर टीव्ही. डोळे टीव्हीवर, बोटं आपोआप. पान घेतलं, जर्दा घातला, वळलं, तोंड मुडपलं, दोरा. हजार झाल्याशिवाय उठायचं नाही. कुठलाही हिरो येवो, मरो, बोटं थांबायची नाहीत. शंकराभरणममध्ये शेवटी म्हातारा गाता गाता कोसळतो, तेव्हा मात्र आईच्या हातातलं पान तसंच राहायचं. दर वेळी. त्या दिवशी कट्टा कमी भरायचा आणि ती आमच्यावर चिडायची.

कडक_भाकरी
मी आता जोक करत नाही. पाच मिनिटं थांबतो.

नोकिया_११००
मध्ये एक विचारू का? टॉकीजमध्ये इंटरवलला मिळायचे ते शेंगदाणे चांगले का आताचे मक्याचे? मल्टिप्लेक्सात त्या मक्याच्या पैशात आमच्या घरी महिनाभराची शेंगाचटणी होते.

भीमाकाठ
चटणी उखळात कुटलेली असंल तर बोला. मिक्सरची ती चटणी नव्हे, भुकटी.

ताणाबाणा
उखळातलीच. तेल सुटलं पाहिजे. भावजींना यापुढे तीच मिळेल, भाकरीशिवाय.

संचालक
चटणीसाठी पाककृती विभाग आहे. इथं सिनेमावर बोला. (उखळातलीच.)

डब्बलबॅरल
@नोकिया_११००, तुमचा नोलन राहिला. ऑपरेटरसाहेबांचं त्याच्याबद्दल काय मत?

ऑपरेटरचा_पोर
बाबांनी नोलनचा एकही सिनेमा बघितलेला नाही. पण ‘ओपनहायमर’च्या वेळी मी त्यांना वाचून दाखवलं की त्याची आयमॅक्सची प्रिंट ११ मैल लांब आणि २७० किलोच्या आसपास आहे. चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, “उचलायला किती माणसं?” मग बऱ्याच वेळानं, “आजही फिल्मवर काढतो? त्याला काही बोलू नका.”

सातरस्ता
धागा माझा, म्हणून परत येतो. काल रात्री खामोशी बघितला. वहिनी, दादा आणि मी. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास एकही शब्द न बोलता भांडतात, तिथं मी दादाकडे बघितलं. दादाला ओळखीचं वाटलं असावं. भन्साळी डोक्यावर घेतलेला आहे हे माझं मत कायम आहे, फक्त २००२ पासून पुढं. काकांच्या भाषेत, निम्मा. भाकरी मिळाली.

@ऑपरेटरचा_पोर, एक राहिलं. बाबांचा आवडता सिनेमा कुठला, ते तुम्ही सांगितलंच नाही.

ऑपरेटरचा_पोर
विचारलं. आधी म्हणाले, “एकही पूर्ण बघितला नाही.” मला वाटलं चेष्टा करतायत. मग सांगितलं. बदल केला की उतरवलेलं रीळ उलटं गुंडाळायचं, पुढचं चढवायचं, कांडी बघायची. त्यामुळे दर वीस मिनिटांतली सुरुवातीची सात-आठ मिनिटं कायम गेलेली. शंभर वेळा लावलेल्या सिनेमात सिलेंडर कधी चोरीला गेला, पोरगी कधी पळाली, ते त्यांना नंतरच्या संवादांवरून कळलेलं.

म्हणून रात्री त्यांना टीव्हीवर यूट्यूब लावून सिंहासन दाखवला, काकांचा. जुन्या प्रिंटवरून उतरवलेला दिसतोय. शांत बसले होते, पाय वर घेऊन. मधेच उजव्या कोपऱ्यात तो ठिपका आला. बाबा खुर्चीतून निम्मे उठले, हात पुढे.

मी म्हटलं, बसा, आपोआप बदलतंय.

कडक_भाकरी
...नाव मात्र सांगा त्या दिग्दर्शकाचं.